माजघराचा उंबरा

नाशकाहून निघालेली सडक निफाड मागे टाकून विंचुरास येते आणि विंचूर ओलांडून पुढे येवल्याकडे जाते. लहानपणी या सडकेचा अर्थ आमच्या लेखी एवढाच होता की, एका अंगाला तालुक्याची कचेरी आहे आणि दुसऱ्या अंगाला पैठणीचे माग. पुढे वाचनाने समज आली तेव्हा ध्यानात आले की, समाजसुधारणेच्या कामी कायद्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही असे प्रतिपादन करणाऱ्या महादेव गोविंद रानड्यांचा जन्म 1842 साली याच सडकेवरच्या निफाडात झाला; समाजाच्या सद्बुद्धीची वाट पाहून थकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 रोजी केली ती याच सडकेवरच्या येवल्यात; आणि समाजाच्या अंतर्गत व्यवहारात परक्या सरकारने दखल देऊ नये म्हणून निकराने झुंजलेले लोकमान्य टिळक पुण्यात ज्या वाड्यात राहात होते, जेथे 1892 साली स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले, तो वाडाही आमच्याच गावच्या सरदारांचा, विंचूरकरांचा. व्यक्तीची मुखत्यारी कोठवर, समाजाचा अधिकार कोठवर आणि सरकारने कोणत्या उंबऱ्याशी थांबावे, हा वाद मला म्हणूनच शिवेवरच्या वादासारखा जवळचा वाटत आला आहे.

मी स्वतः जुन्या वळणाचा माणूस आहे. देवघर, एकादशी, श्रावणातली पोथी, वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा मान, यांचे मला कधी ओझे वाटले नाही. उलट माणसाला माणूसपण देणाऱ्या पुष्कळशा गोष्टी सरकारी छापखान्यात तयार होत नाहीत, त्या चुलीपाशी आणि ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या मुरत जातात, अशीच माझी श्रद्धा आहे. सरकारविषयीचा अविश्वास तर कांद्याच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा नुकताच काढलेला लाल कांदा ट्रॉलीत भरून बाजार आवारात आलेल्या शेतकऱ्याने, दिल्लीतल्या एका हुकुमाने आपल्या सहा महिन्यांच्या कष्टाचे मोल कसे कोसळते, ते उभ्याउभ्या पाहिले. जे सरकार आमच्या कांद्याचा भाव जाणत नाही, त्याला आमच्या लेकीबाळींच्या लग्नकार्यात काय कळणार, असे आमच्याकडचा एखादा वृद्ध म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात निव्वळ हट्ट नसतो. त्यामागे अनुभव असतो.

आणि तरीही माझ्यापाशी एक पितळी डबी आहे.

तिच्यात माझ्या आजीची जोडवी आहेत. तिचे लग्न पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, नवव्या वर्षी झाले. पायाची बोटे इतकी लहान की चांदीची जोडवी चालताचालता गळून पडत, म्हणून तिच्या सासूने त्यांना आतल्या बाजूने पांढऱ्या सुताचे वेढे दिले होते; बोट वाढेल तसा एकेक वेढा उलगडायचा, असा हिशेब. काही वेढे उलगडले गेले, काही तसेच राहिले, आणि ते सूत आता काळे पडून चांदीला चिकटले आहे. आजीला मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला पुसलं नव्हतं कुणी. पुसायचं असतं, हे तरी कुठं ठाऊक होतं रे बाबा?" तिनेच पुढे सांगितले की, लग्नानंतर तिच्या सासऱ्यांनी व्याह्यांकडे निरोप धाडला होता: पोरीला इतक्यात पाठवू नका, कायदा झालेला आहे. त्या निरोपामुळे ती आणखी चार वर्षे माहेरच्या अंगणात खेळली. तिचे सासरे सुधारक नव्हते. सरकारचे पाऊल आपल्या माजघरात पडू नये, एवढीच त्यांची काळजी असावी. पण त्या काळजीने एका पोरीला चार वर्षांचे बालपण मिळवून दिले.

हा कायदा म्हणजे 1891 चा संमतिवयाचा कायदा. दंडसंहितेने 1860 मध्ये दहा वर्षांची मर्यादा घातली होती, ती बारांवर नेण्यापलीकडे त्यात काही नव्हते. बेहरामजी मलबारींनी 1884 पासून बालविवाहाच्या प्रश्नाला तोंड फोडले होते. पुढे 1890 मध्ये कलकत्त्याला फुलमणी नावाची दहाअकरा वर्षांची मुलगी पतिसंगाने मरण पावली आणि तिच्या पस्तिशीतल्या नवऱ्याला अवघी वर्षभराची सक्तमजुरी झाली, तेव्हा सरकारला हालचाल करणे भाग पडले. सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि 19 मार्च 1891 रोजी ते मंजूर झाले. दोन वर्षांच्या या वाढीसाठी महाराष्ट्रात जेवढे रण माजले, तेवढे क्वचितच कशासाठी माजले असेल.

टिळकांची बाजू हलकी करून सांगण्याची रीत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. त्यांनी बालविवाहाचे गोडवे गायिले नाहीत. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे विसांच्या आत करू नये, चाळिशीनंतर विवाह करणाऱ्याने विधवेशीच करावा, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, अशा कलमांचा करार त्यांनी 1890 मध्ये सुधारकांपुढे ठेवला होता; कायद्याने बारा मागितली, टिळकांनी सोळा. त्यांचा आक्षेप साधनाला होता. परक्यांच्या फौजदाराकरवी झालेली सुधारणा समाजाच्या अंगी लागत नाही आणि एकदा माजघरात शिरलेले सरकार पुढे कोठे थांबेल याची शाश्वती नाही, या त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग तर मला आजही खरा वाटतो.

परंतु स्वतःला बांधून घेण्याची ताकद माणसात कितपत असते? याचे उत्तर टिळकांना रानड्यांच्याच चरित्रात सापडत होते, आणि त्यावरून रानड्यांना पुष्कळांनी टोचलेही. विधवाविवाहाच्या चळवळीत अग्रभागी असलेल्या या न्यायाधीशाची पहिली पत्नी 1873 मध्ये वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. त्याच मुलीच्या रमाबाई रानडे झाल्या, सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हे खरे. पण त्या लग्नाच्या दिवशी कोणाची मुखत्यारी चालली होती? वराची नव्हे, वधूची तर नव्हेच. मला या प्रसंगात रानड्यांचा दांभिकपणा दिसत नाही. मला दिसते ते एवढेच की, वडिलांच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे जेथे त्यांच्यासारखा विद्वान, मिळवता, प्रतिष्ठित पुरुष टिकला नाही, तेथे नऊ वर्षांची पोर काय टिकणार? कायद्याची गरज त्यांना पुस्तकांनी पटवलीच असेल. या घरच्या पराभवाने ती अधिक खोल पटवली असावी, असा माझा तर्क आहे.

रखमाबाईंचा खटला मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, कारण आमच्या पक्षाचे खरे दुखणे तेथे उघडे पडते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी वयात आल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला; नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद लावली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये ती फेटाळली. बायकोला कोर्टामार्फत ओढून आणण्याचा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्रजांकडून आला आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. अपिलात पारडे फिरले आणि 1887 मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आता पाहा, चारच वर्षांनंतर सरकारने घरात शिरू नये म्हणून ज्यांनी आकाशपाताळ एक केले, त्यातील पुष्कळांना इंग्रजी कोर्टाचा हा हुकूम धर्मरक्षक वाटला होता. सरकारचा बेलीफ पळालेली सून परत आणायला येत असेल तर उंबरा मोकळा, आणि कोवळ्या सुनेचे वय विचारायला येत असेल तर तोच उंबरा पवित्र! हे लिहिताना मला आनंद होत नाही. ही माझ्याच घराण्याची कागदपत्रे आहेत.

आम्ही ज्याला स्वातंत्र्य म्हणत होतो ते घराचे, कुळाचे, जातीचे स्वातंत्र्य होते, आणि व्यक्ती त्याच्या पोटात गडप होती. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहावरून जातबहिष्काराचे जे ग्रामण्य उठले, त्याने टिळक आणि रानडे अशा दोघांनाही वेढले आणि दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. तेथे कोणी इंग्रज फौजदार नव्हता. मुंबई सरकारने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, तो दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला, तेव्हाही बहिष्कृत माणसाच्या हक्कापेक्षा पंथाचा हक्क वरचढ ठरला. पुढे 2013 साली नाशकात परजातीत लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापाच्या हातून खून झाला, जातपंचायतीचा जाच चव्हाट्यावर आला, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो 2017 पासून अमलात आहे. त्या मुलीला मात्र तो उपयोगी पडला नाही.

यावरून कोणी म्हणेल की सारे सरकारवर सोपवा. तसेही मला म्हणवत नाही. आमच्या जवळच्या चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने महिलांचे अधिवेशन भरविले, आणि त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्याने स्वेच्छेने, कोणत्याही कायद्याच्या तगाद्याविना, आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून द्यावा. सरकारने शेतीतून हात काढावा असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने मांडलेला हा कार्यक्रम मला टिळकांच्या त्या कराराचा उशिराने झालेला अंमल वाटतो. ज्याच्या हाती आहे त्यानेच देणे, याहून सुंदर सुधारणा नाही. तलाठ्याच्या दप्तरात बायकोचे नाव चढताना स्वतः शेजारी उभा राहिलेला शेतकरी कायद्याने घडविता येत नाही. पण त्याचा शेजारी देत नसेल, तर त्या शेजाऱ्याच्या बायकोने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न उरतोच.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीने मला साक्षीदार म्हणून बोलाविले. दोघे सज्ञान, दोघे मिळवते, जाती निराळ्या. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्याप्रमाणे नोटीस द्यायची आणि तीस दिवस थांबायचे. एका जिल्ह्याच्या गावच्या कचेरीत ती नोटीस फळ्याला टाचण्यांनी लावलेली मी पाहिली: दोघांची नावे, वये, धंदे, पत्ते, कोणीही वाचावे असे. कोणी तरी त्या कागदाचा फोटो काढला आणि तिसऱ्या दिवशी मुलीच्या घरी तो पोचला. तीस दिवस ती मैत्रिणीकडे राहिली. बारा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी सरकार दारात आले तेव्हा आम्ही ओरडलो. तेवीस वर्षांच्या मुलीचा पत्ता सरकारच भिंतीवर लावते, तर आम्ही गप्प आहोत. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांच्या माहितीसाठी समिती नेमली, आठवडा उलटण्याच्या आत ती आंतरधर्मीय विवाहांपुरतीच केली. तेव्हा आमच्याकडच्या जुन्या मंडळींपैकी कितींनी म्हटले की, हा माजघराचा उंबरा आहे, येथे थांबा? मीही म्हटले नव्हते.

एकतिसाव्या दिवशी आम्ही तिघे साक्षीदार विवाह अधिकाऱ्यांसमोर उभे राहिलो. मुलीच्या आईवडिलांपैकी कोणी आले नव्हते, आणि ते मला सलत होते, कारण अशा वेळी ओटी भरणारे हात हवेत, शिक्के मारणारे नव्हेत, असेच मला वाटत आले आहे. अधिकाऱ्यांनी वय विचारले. तिने सांगितले. मग त्यांनी विचारले, स्वतःच्या मर्जीने करता आहात ना? ती क्षणभर थांबली, कोणीतरी पहिल्यांदाच विचारल्यासारखी, आणि म्हणाली, "हो, माझ्या मर्जीने." तिच्या सँडलांतून दिसणाऱ्या बोटांत नवी जोडवी होती, घट्ट बसलेली. नोंदवही माझ्याकडे सरकविण्यात आली. मी सही केली आणि पत्त्याच्या रकान्यात लिहिले: मु. पो. विंचूर, ता. निफाड.