शेरूची ट्रिप

गेली चार वर्षं आमची दिवेआगर ट्रिप 'रिलीज झाल्यावर जाऊ' या सदरात पडून होती. परवा शेरूला जिना चढता येईना. तो बारा वर्षांचा झालाय, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्याच दिवशी रजा टाकली.

मग फोनाफोनी. 'कुत्रा चालेल का?' म्हटलं की पलीकडे शांतता! सातव्या फोनवर एक काकू म्हणाल्या, "आमच्या मनीला चालला तर आम्हाला चालेल." झालं! खोली तळमजल्यावरची आहे ना, तेवढं विचारून घेतलं.

बाकी सगळा प्लॅन शेरूच्या सोयीचा. ताम्हिणी घाटातल्या वळणांवर त्याला मळमळणार, म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद. किनाऱ्यावर फक्त सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, कारण तापलेल्या वाळूने पंजे भाजतात. समुद्राचं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले, म्हणून साध्या पाण्याची बाटली आणि त्याचं भांडं सोबत. पट्टा मात्र कायम हातात. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्रे ती उकरून काढतात.

आई म्हणाली, "अरे, त्याला काय कळणार समुद्र?" नसेल कळत. पण आजवर आम्ही बॅगा भरल्या की तो दाराशी जाऊन बसायचा आणि आम्ही त्याला शेजाऱ्यांकडे सोडून निघायचो. या वेळी बॅग भरताना मला त्याची नजर चुकवावी लागणार नाहीये.

रिलीजचं काय, ती होतच राहतात.