ती ‘चालली नाही’ म्हणजे काय?

तोंडवली, ता. मालवण

प्रिय बाय,

ग्लासगोत कुणीतरी बाला देवीबद्दल तुला म्हणालं, “ती इथे चालली नाही.” तुझ्या पत्रात ते वाचल्यापासून मला राहवत नाही. चालली नाही म्हणजे काय गो? मणिपूरची ही फुटबॉलपटू जानेवारी २०२० मध्ये तिथल्या रेंजर्स क्लबकडे गेली, दीड वर्षाच्या करारावर. मार्चमध्ये करोनाने सगळं बंद. परका देश, तिशी गाठलेलं शरीर आणि महिनोन्‌महिने सामनाच नाही. तरी डिसेंबरात मदरवेलविरुद्ध तिने गोल केलाच! मग गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. ही दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि बरं व्हायला वर्षभर लागू शकतं. दीड वर्षाच्या करारात मग उरतं काय?

ॲलेक्स मॉर्गनसारखी अमेरिकेची फुटबॉल जगज्जेती मे २०२० मध्ये बाळंत झाली, सप्टेंबरात इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबला गेली आणि डिसेंबरात अमेरिकेला परतलीसुद्धा. तिच्या गुणवत्तेवर कुणी शंका घेतली नाही. आपल्या मुलींवर मात्र लगेच शिक्का.

आमच्या वाडीतली एक पोर ओहोटीला ओल्या वाळूवर खेळायची. डावा पाय असा, की किनाऱ्यावर चालणारे थांबून बघत. तिला शहरातल्या एका संघाने नेलं आणि उजवीकडे बचावात उभं केलं. वाळूत चेंडू पायाशी थांबतो, टर्फवर पुढे पळतो. ती सवय होईतो हंगाम संपला. बरं, वसतिगृहात माशाचा तुकडा नाही, बोलायला कुणी नाही. परत आली तर लोक म्हणाले, “जमला नाय तिका.” मला फार राग आला. मैदानात कुठे खेळतेस, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं!

आणि जायचं तरी कुठे? देशातली मुलींची फुटबॉल स्पर्धा, इंडियन वुमेन्स लीग, २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर झाली. सात संघ होते; महाराष्ट्राचा एकही नाही, गोव्याचाही नाही. त्याआधी तर मुख्य स्पर्धा एकाच ठिकाणी थोड्या आठवड्यांत उरकायची. एवढ्यात संघातल्या मुलींची नावं तोंडी बसत नाहीत, खेळ कुठला जुळायला?

तू एक काम कर. तिथल्या मुलींच्या एखाद्या संघात विचार, बाहेरून आलेल्या खेळाडूला घर कोण शोधून देतं, आजारी पडली तर तिच्यासोबत कोण जातं. सविस्तर लिही. ती पोर पुन्हा जायचं म्हणते आहे, तिच्या आईला सांगायला हवं.

तुझी,
तोंडवलीची मैत्रीण