दोनशे छप्पन्न घरे

दिघोरीला माझ्या मावसभावाचे गॅरेज आहे. भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या या गावात मोटारसायकली, मळणीची इंजिने, पाण्याचे पंप आणि अधूनमधून एखादी जुनी मोटार असे सगळे त्याच्याकडे येत असते. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून, मान तिरकी करून तो इंजिनाचा आवाज ऐकतो आणि ‘आता जमलं’ म्हणतो. त्याचे जमलेले सहसा जमलेलेच असते.

१ एप्रिल २०२० रोजी देशभर बीएस-६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींपैकी बहुतेकींतून कार्बोरेटर नाहीसा झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला आणि इंजेक्टरने किती वेळ उघडे राहायचे हे ठरवणारा एक छोटा बंद संगणक आला. फिरवायला स्क्रू उरला नाही. गाडीच्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागला की गिऱ्हाईक परस्पर शहरातल्या शोरूमची वाट धरू लागले. दादाने मला विचारले ते अशा दिवसांत. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध वापरण्यापुरता. पण त्याचा हिशेब सरळ होता. त्या संगणकाची सगळी विद्या इंग्रजीत आहे, आणि घरात इंग्रजी पुस्तके वाचणारा माणूस मी आहे. ‘‘तू वाच, मी ऐकतो,’’ तो म्हणाला. आमच्या दोन-तीन उन्हाळी सुट्ट्या मग या वाचनात गेल्या.

कंपनीचे संगणक कुलूपबंद असतात. म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. २००१ च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बाऊलिंग आणि अल ग्रिपो यांनी ‘मेगास्क्विर्ट’ नावाचा, हौशी माणसाने स्वतः जोडावा असा इंजिन-नियंत्रक तयार केला. पुढे ऑस्ट्रेलियातून ‘स्पीडुइनो’ आला. त्याचा आराखडा आणि आज्ञावली दोन्ही खुल्या आहेत आणि तो आर्डुइनो या स्वस्त सर्किटावर चालतो. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे एक जुने तीन सिलिंडरी इंजिन लोखंडी सांगाड्यावर बसवले, पुढच्या काळातल्या इंजेक्शनवाल्या मॉडेलचे सुटे भाग त्याला जोडले, स्पीडुइनोची तार माझ्या लॅपटॉपला लावली आणि ‘ट्यूनर-स्टुडिओ’ उघडले.

पडद्यावर एक कोष्टक येते. आडव्या दिशेला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, उभ्या दिशेला इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतल्या हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरे आणि प्रत्येक घरात एक आकडा. पहिले काही दिवस हे माझ्यासाठी निव्वळ अक्षरशत्रुत्व होते. आकडे दिसत होते, वाक्य लागत नव्हते.

वाक्य लागले ते पायलीमुळे. सिलिंडर म्हणजे पायली, असे मी दादाला सांगू लागलो आणि सांगता सांगता मलाच ते उमगले. पायली दर खेपेला काठोकाठ भरत नाही. धान किती दाटून येते हे एक, आणि तेवढ्या वेळात ते पायलीत किती शिरते हे दुसरे. नळीतला दाब पहिली गोष्ट सांगतो, कोष्टकातला आकडा दुसरी. दोहोंवरून हवेचे माप कळते आणि हवेच्या मापावरून पेट्रोलचे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा पुरते. इथेनॉलला फक्त ९ भाग लागते, त्यामुळे हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण साडेतेरावर येते. इथेनॉल उसापासून होते, मक्यापासून होते आणि तांदळापासूनही होते. धान पिकवणाऱ्या गावात बसून पेट्रोलमधल्या तांदळासाठी आकडे बदलताना दादा बराच वेळ हसत होता.

दुसरे कोष्टक ठिणगीचे. दट्ट्या वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, हे त्यात असते. ज्वाला पसरायला वेळ घेते. फेरे वाढले की तो वेळ अपुरा पडू लागतो, म्हणून ठिणगी आधी हवी. भार वाढला, पायली दाटून भरली, की ज्वाला लवकर पसरते आणि घाई केली तर इंजिन ठोकू लागते. म्हणून तिथे अंश कमी करायचे. मी हे इंग्रजीतून अडखळत समजावत होतो, तेव्हा दादा उठला आणि कोपऱ्यातून एक जुना डिस्ट्रिब्युटर घेऊन आला. त्याने तो उघडून आतली दोन वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा दाखवल्या. फेरे वाढले की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. बाजूच्या डबीतला पडदा नळीतल्या दाबानुसार हलतो आणि भाराचे बघतो. म्हणजे हे कोष्टक आधीपासून होतेच. ते पोलादात लिहिलेले होते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक आणि सुईचा उतार हीदेखील त्याच मजकुराची ओळ. दादा वीस वर्षे जे वाचत होता ते हेच होते. त्याला निरक्षर ठरवले ते लिपी बदलल्यामुळे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती नवी वाटू नये. मोडीत सराईतपणे व्यवहार करणाऱ्या कितीतरी माणसांच्या नातवंडांना घरचीच कागदपत्रे वाचता येत नाहीत. मजकूर कायम असतो, वाचणारा मात्र एका पिढीत बाहेरचा होतो.

पण लिपी आली म्हणून पाठ शुद्ध होतो, असेही नाही. पडद्यावर ‘दहा अंश’ दिसले तर ठिणगी खरोखर दहा अंशांवर पडते आहे याची काहीच हमी नसते. क्रँकवरच्या दातेरी चाकाला छत्तीस दातांची जागा असते, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला असतो आणि त्या रिकाम्या जागेवरून संगणक आपले स्थान ओळखतो. ती जागा दट्ट्याच्या माथ्यापासून नेमकी किती अंशांवर आहे, हे माणसाने सांगावे लागते. म्हणून ठिणगी दहा अंशांवर स्थिर ठेवायची, टायमिंग लाइटचा झोत पुलीवर टाकायचा, पुलीवरची खूण पाहायची आणि पडदा व पुली यांचा मेळ बसेपर्यंत आकडा सुधारायचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला हे आपण वर्गात सांगतो. हाती आलेली प्रत मूळ संहितेशी ताडून पाहण्याची ती वृत्ती मला या गॅरेजमध्ये जितकी प्रत्यक्ष कळली, तितकी वर्गात कळली नव्हती.

आमचा खरा मतभेद पुढे झाला. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. धुरातला प्राणवायू मोजणारा संवेदक जोडला की ते स्वतःच घरांमधले आकडे दुरुस्त करत जाते. लक्ष्य शास्त्रशुद्ध प्रमाणाचे दिले होते. काही मिनिटांत मंद गतीच्या आसपासची घरे त्या लक्ष्याला येऊन टेकली. आलेख सरळ झाला. दादा मात्र मान हलवत होता. ‘‘का म्हणते तुझा कम्प्युटर? इंजिन तर कण्हत आहे.’’ त्याने मला त्या घरांमध्ये थोडे थोडे पेट्रोल वाढवायला लावले. इंजिनाची थरथर थांबली. संवेदकाच्या मते मिश्रण आता गरजेपेक्षा जाड होते.

कोण बरोबर? उत्तर आकड्यात नाही, आकडा कशासाठी मांडला यात आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो शास्त्रशुद्ध प्रमाणाच्या जवळ. जाड मिश्रणाने कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ज्याने बीएस-६ चा नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर दिल्ली-मुंबईची हवा होती, दादाच्या डोळ्यांसमोर पहाटे थंडीत एका किकेत चालू व्हायला हवी असलेली गाडी. कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यामागे कुणाचा तरी हेतू असतो आणि तो कोष्टकात कुठेही लिहिलेला नसतो. मी नियमाच्या बाजूने बोललो, कारण त्या हवेत माझे विद्यार्थी श्वास घेतात. दादाने ऐकून घेतले, पण त्याचा प्रश्न उभाच राहिला: हेतू ठरवताना आम्हाला कुणी विचारले का?

सांगाड्यावरच्या इंजिनाची आणखी एक मर्यादा होती. त्याला ओढायला भार नाही. त्यामुळे ते खालच्या दाबाच्या मोजक्या घरांमध्येच फिरत राहते. वरच्या, भाराच्या घरांमध्ये आकडे आहेत, पण ते अंदाजाने भरलेले. तिथे आमचे इंजिन कधी गेलेच नाही. आणि ठोकणे ऐकू येते ते त्याच घरांमध्ये. म्हणजे दादाच्या कानाची सर्वांत जास्त गरज जिथे पडावी, तो प्रदेश आमच्या अभ्यासात कोराच राहिला.

या सगळ्यात मला सतत जाणवत राहिली ती भाषेची अडचण. सगळ्या पुस्तिका इंग्रजी. मराठीत यंत्र आले ते बहुधा कवितेत आणि तेही माणसाला भरडणारे. मर्ढेकरांपासून ती एक सशक्त परंपरा आहे. पण यंत्र समजावून सांगणारे मराठी गद्य आपण कुठे सोडून दिले? १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेला ‘किर्लोस्कर खबर’ हा अंक एका कारखान्याचा होता. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, आणि मराठी कथा-लेखांची एक मोठी पिढी तिथे वाढली. नांगर आणि निबंध यांना एकाच छापखान्यात जागा होती. आज मराठी विभागात इंजिनाची पुस्तिका आणि गॅरेजमध्ये मराठीचा प्राध्यापक, दोन्ही सारखेच अनोळखी वाटतात.

एवढे करून दादाच्या धंद्याचे काय झाले, हे विचारणे रास्त आहे. कंपनीचा संगणक अजून कुलूपबंदच आहे. खुल्या नियंत्रकावर शिकल्याने ते कुलूप उघडत नाही. पण दोष वाचणारे स्कॅनर त्याने घेतले आहे. त्यावर मिश्रण पातळ असल्याचा संकेत आला, की संवेदक बदलण्याआधी तो हवेची गळती शोधतो, पंपाचा दाब मोजतो, कारण त्या संकेतामागचे वाक्य आता त्याला लागते. परत गेलेल्या गिऱ्हाइकांतली काही पुन्हा येऊ लागली आहेत.

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तिच्यात ‘घर’, ‘पायली’, ‘जाड’, ‘पातळ’, ‘ठोकणे’ हे शब्द दादाचे आहेत, ‘संवेदक’ आणि ‘नियंत्रक’ माझे. दादा माझे दोन्ही शब्द वापरत नाही. तो सेन्सर म्हणतो आणि डबा म्हणतो. पुढच्या खेपेला मीही डबाच लिहिणार आहे.