नगरचा नाताळ आणि अभंगाची चाल

अहमदनगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण एस्टीच्या थांब्यावर उभे राहिले की कानांवर ‘नगर, नगर’ हीच हाक येते. हा जिल्हा तसा ओवीचे माहेरच. प्रवरेकाठच्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच मातीत पुढे सहाशे वर्षांनी बेथलेहेमच्या बाळाचे गाणे अभंगाच्या चालीवर उठले, ही गोष्ट मात्र नगरबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. दिवाळी सरली, थंडी कडकडीत पडू लागली, की नगरच्या ख्रिस्ती वस्त्यांतून पेट्या उघडतात, ढोलक्यांच्या दोऱ्या आवळल्या जातात आणि नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात. या गाण्यांना तिकडे ‘कॅरल’ म्हणतात.

कॅरल म्हणजे चर्चमधले गंभीर स्तोत्र, अशी आपली समजूत असते. मूळ प्रकार अगदी निराळा. मध्ययुगीन फ्रान्समध्ये ‘कॅरोल’ म्हणजे हातात हात धरून, रिंगण करून नाचत म्हणायचे गाणे. एकीने कडवे सांगायचे आणि रिंगणाने ध्रुपद झेलायचे. आपल्या भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरणाऱ्या पोरी दुसरे काय करतात? पुढे या फेरात येशूच्या जन्माची कथा शिरली. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडून, बैल-गाढव उभे करून लोकांना तो देखावा दाखवला, असे सांगतात. लॅटिन न कळणाऱ्या माणसांना देव आपल्या गोठ्यात आल्यासारखा वाटला आणि त्यांनी आपल्याच बोलीत गावे, हे ओघानेच आले. ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, त्याच शतकातली ही हकीकत.

गंमत अशी की धर्मपीठाने या गाण्यांकडे पुष्कळदा कपाळाला आठ्या घालूनच पाहिले. इंग्लंडात प्युरिटन पंथीयांच्या हाती सत्ता आली तेव्हा पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला. त्यांच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांनी मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता. तेथे नाताळची सरकारी सुटी मिळू लागली ती थेट १८५६ साली! आणि नगरला १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. तेव्हा नगरच्या नाताळचे सगळे देणे गोऱ्या साहेबाच्या पदरी घालण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेतला ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा इंग्रजांचा नव्हे. तो पोर्तुगीजांचा, गोव्याच्या वाटेने आलेला. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले. येशूच्या जन्माची कथा त्याने सांगितली ती मराठी ओवीत.

मिशनरींनी मराठी गीते केली नाहीत असे नाही. नगरचे हेन्री बॅलेंटाइन यांनी या कामी बरीच खटपट केली. पण इंग्रजी गाणे आघातावर चालते, मराठी पद्य मात्रांवर आणि अक्षरांवर. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की नेमका नको त्या अक्षरावर जोर पडतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, गाणारा अडखळला. हा पेच नगरच्याच माणसांनी सोडवला. कृष्णराव सांगळे यांनी वीणा-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे मुंबईला १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक नगरला आले, राहुरीला राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी उपासनेला अभंग दिला, पद दिले, भजन दिले. त्या घरातले ऊन-पाऊस लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलेच आहेत, तो ग्रंथ वाचल्यावाचून नगर पुरते कळत नाही.

पण चाल जुळली एवढ्याने गाणे टिकत नाही. जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेली बरीचशी कुटुंबे महार आणि मांग समाजांतली. त्यांची घरे गावकुसाबाहेर. धर्म बदलला म्हणून गावची वेस काही लगेच उघडली नाही आणि पाणवठाही मोकळा झाला नाही. अशा माणसांनी ऐकले की देव जन्माला आला तेव्हा त्याच्या आईला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, बाळाला गव्हाणीत निजवावे लागले आणि वार्ता पहिल्याने कळली ती रानात मेंढरे राखणाऱ्यांना. या कथेला भाषांतर कशाला हवे? गव्हाण त्यांच्या ओळखीची, थंडीत शेतात मेंढरे बसवणारे धनगर त्यांच्या शेजारचे, आणि ‘जागा नाही’ हे शब्द तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले. कॅरलचे सारे बळ मला येथे दिसते. ज्याला आत घेतले नाही, त्याच्या दारी जाऊन म्हणायचे हे गाणे आहे.

म्हणूनच ते घरोघर हिंडते. डिसेंबरातल्या एका रात्री अशा एका मेळ्याबरोबर मी थोडे चाललो. स्वेटर-मफलर गुंडाळलेली पंधरावीस माणसे, गळ्यात अडकवलेली पेटी, ढोलकी, झांजा. दारापुढे उभे राहून दोन गाणी, एक प्रार्थना, मग चहा, आणि पुढचे घर. एक पाळणाही झाला. रामनवमीला, गोकुळाष्टमीला आपण म्हणतो तसाच. झोका तोच, बाळ निराळे. नंतर मुलांनी गिटार काढली तसे एक वृद्ध गृहस्थ पुटपुटले, “आता भजन मागे पडणार.”

त्यांची काळजी खोटी नव्हती. चार पिढ्यांनी कमावलेली चाल एका पिढीच्या हातून निसटू शकते. पण गिटारीला दोष देऊ नये. जगातले सर्वांत लाडके कॅरल ‘सायलेंट नाइट’ हे ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फ या खेड्यात २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री प्रथम गायले गेले ते गिटारीवरच! शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची. शंभर वर्षे होत आली तेव्हा, १९१४ च्या नाताळात, पश्चिम आघाडीवर जर्मन आणि इंग्रज शिपाई अशी गाणी म्हणत खंदकांबाहेर आले आणि घटकाभर युद्ध विसरले. त्याच महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन नागरिक इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले, ते नगरलाच. तारेच्या कुंपणाआड त्यांच्या ओठी हे गाणे आले नसेल, असे कोण म्हणेल?

त्या रात्री शेवटच्या घरी म्हातारबाबांनी एक जुने पद धरले. दोन ओळी झाल्या, आणि गिटारवाल्या पोराने मान खाली घालून हळूच त्यांचा सूर शोधायला सुरुवात केली. पदाचे ध्रुपद तिसऱ्यांदा आले तेव्हा त्याला तो सापडला होता.