बोट बोलणार नाही

नोएडा,
दिवाळीनंतरचा आठवडा

प्रिय भाचेबाई,

ताईचा फोन आला होता. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून थेट सेंट लुशिया, सुमारे 2,700 सागरी मैल, चाळीस फुटी कॅटामरान, आणि खलाशांत तू! ताईला समुद्राची धास्ती वाटतेय. मला वाटते ती त्या बोटीच्या ऐसपैसपणाची. दोन हल, म्हणजे पाण्यात तरंगणारे दोन सांगाडे, मध्ये दिवाणखाना, आणि टेबलावरचा चहा म्हणे सांडत नाही. तिथेच तर ग्यानबाची मेख आहे.

एका हलची बोट वारा वाढला की कलते. कप घरंगळतात, माणसं भिंतीला टेकतात आणि कुणी न सांगता शीड कमी करायला हात लागतात. शिवाय तिच्या तळाशी वजन असतं. 2018 साली दक्षिण हिंदी महासागरात दर्यावर्दी अभिलाष टॉमींची ‘तुरीया’ ही अशीच एका हलची बोट वादळात पार उलटली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

कॅटामरानचा सगळा तोल रुंदीवर. ती शेवटपर्यंत सपाट राहते, आणि एकदा उलटली की उलटीच. बुडत सहसा नाही, एवढंच समाधान. त्यातून तुमचा वारा बहुतेक मागून. तो वीस नॉटचा आणि बोट आठ नॉटने पळतेय, तर अंगाला लागतो बाराचाच. झुळूकच वाटते! काही कारणाने बोट वळवावी लागली की मग कळतं. म्हणून बनवणाऱ्यांचा तक्ता असतो, इतक्या वाऱ्याला इतकंच शीड. तो पाठ कर.

अंगाला जाणवतं त्यावर नाही, आकड्यावर विसंबायचं, हे दिल्लीकराला समजावावं लागत नाही. या दिवसांत घसा धुराला सरावतो. मोबाइलवर हवेचा निर्देशांक 400 पार दिसला की मगच आम्ही खिडक्या लावतो. “आज हवा बरी आहे” म्हणणाऱ्याचं नाक केव्हाच कामातून गेलेलं असतं.

सामान कमी ने. या बोटींना ओझं सोसत नाही; त्या खाली दबतात आणि दोन हलांमधल्या तळावर लाटा धडाधड आपटतात. ताई फराळाचे पाच डबे देईल, त्यातला चिवड्याचा घे. रात्रीच्या पहाऱ्यात शंका आली तर कप्तानाला उठवायला लाजू नकोस.

आणि निघण्यापूर्वी त्याला एवढं विचार: अंधार पडायच्या आत शीड एक टप्पा कमी करता का? “गरज पडली तर बघू” असं उत्तर आलं, तर मला फोन कर. परतीचं तिकीट मी काढतो, ताईला मी सांभाळतो.

तुझा,
मामा