माळ्यावरची खोली

आमचं घर गुहागरजवळ, मंगलोरी कौलांचं. माळ्यावर वर्षानुवर्षं नारळ आणि मोडक्या खुर्च्या पडून होत्या. मुलगा घरून काम करायला लागला आणि त्याला निवांत जागा हवी झाली. नवी खोली काढायची तर अंगण मोडावं लागलं असतं. म्हणून माळाच नीट करायचं ठरलं.

आढ्याखाली उंची जेमतेम साडेसात फूट, कडेला २ फूट. उभं राहता येतं ते मधल्या पट्ट्यात. कडेला बुटकी कपाटं केली. खालच्या तुळया सुताराकडून आधी ठोकून बघितल्या. एकीला वाळवी निघाली, ती बदलली.

उजेडासाठी छपरात खिडकी बसवायची होती. मला चांगली ४ फूट रुंद हवी होती. सुतार म्हणाला, “वहिनी, वासा कापलात तर पाखं बसंल.” वाशांमधलं अंतर २ फूट. मग त्यात मावतील अशा दोन अरुंद खिडक्या शेजारी शेजारी घेतल्या. काच दोन थरांची, मध्ये चिकट पापुद्रा असलेली. अशी काच फुटली तरी खाली पडत नाही.

जूनच्या पहिल्याच सरीत चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी. खिडकी बसवणारा आला, सिलिकॉन भरून गेला. पुढच्या पावसात पुन्हा तेच, आणि लॅपटॉप थोडक्यात वाचला. शेवटी दरवर्षी आमचं घर शाकारतात त्या काकांना बोलावलं. त्यांनी वरची दोन ओळी कौलं काढली आणि हसलेच. चौकटीभोवतीचा पत्रा वरच्या कौलांवरून बसवला होता. कौलावरून येणारं पाणी सरळ त्याच्याखाली शिरत होतं. त्यांनी वरची कड कौलांखाली सारली, दोन्ही बाजू पन्हळीसारख्या दुमडल्या आणि खालची कड खालच्या कौलांवर आणली. तेव्हापासून थेंब नाही. फक्त वरच्या पन्हळीत पाला साचतो, तो पावसाआधी काढायचा.

उन्हाचा त्रास मात्र मी धरलाच नव्हता. खिडक्या उत्तरेच्या पाख्यात आहेत, पण मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. आतून पडदा लावला. खोली तापायची ती तापलीच. काच बाहेरूनच झाकायला हवी. आता शिमग्यानंतर बाहेरून झापं बांधतो, मृगाच्या आधी सोडतो. समोरच्या भिंतीत आढ्याजवळ एक झरोका पाडला, तिथून गरम हवा निघून जाते.

वानरांवर उपाय सापडलेला नाही. काचा टिकल्या, भोवतीची कौलं फुटतात. आणि कुठलंही कौल चालत नाही. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी निघाले, आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच वेगळी. शेजारच्या वाडीत जुनं घर पाडलं तेव्हा आमच्या छापाची शंभरेक कौलं उचलून आणली. ती पडवीत रचून ठेवली आहेत.