चौथा डाऊन

१४ जानेवारी २०२४, नोव्हाय, मिशिगन
अमेरिकन फुटबॉलमधले आमचे डेट्रॉइट लायन्स जिंकले! रॅम्सवर २४-२३. डेट्रॉइटने प्लेऑफमधला सामना याआधी जिंकला होता तो जानेवारी १९९२मध्ये. समोरच्या घरातले आजोबा एवढ्या थंडीत नुसत्या जर्सीवर अंगणात येऊन ओरडत होते.

१६ जानेवारी
पुण्याहून भावाचा फोन. ‘तुमचा तो हेड कोच नेमकं करतो काय?’ प्रश्न रास्त आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलायचा तो कप्तानाने. प्रशिक्षक ड्रेसिंग रूममध्ये बसतो. इथे आमचा हेड कोच डॅन कॅम्पबेल सीमारेषेवर कानाला हेडसेट लावून उभा असतो. तरी आक्रमणाच्या चाली सांगतो बेन जॉन्सन, बचाव सांभाळतो एरॉन ग्लेन. टाइमआउट कधी घ्यायचा, पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायला लाल फ्लॅग कधी टाकायचा, आणि चौथ्या डाऊनला काय करायचं, हे मात्र कॅम्पबेलचं. डाऊन म्हणजे प्रयत्न; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. तीन फसले की चौथ्याला एक तर किक मारून सुटका करून घ्यायची, नाहीतर धोका पत्करायचा.

२१ जानेवारी
बकनीअर्सवर ३१-२३. ऑफिसातल्या सगळ्यांचे घसे बसणार उद्या.

२८ जानेवारी
झोप येत नाही. सांता क्लारात फोर्टीनायनर्सविरुद्ध मध्यंतराला २४-७ ने पुढे होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१० असताना त्यांच्या २८ यार्डांवर चौथा डाऊन, दोन यार्ड हवे होते. किक बसली असती तर तीन गुण पदरात. पुढची चाल सुरू करायचं चाळीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळत होतं. कॅम्पबेलने किकरला बोलावलं नाही. आमच्या क्वार्टरबॅकचा, गॉफचा, पास जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आला आणि निसटला. तिथून सामना फिरला. चौथ्या क्वार्टरमध्ये २७-२४ ने मागे पडल्यावर पुन्हा तोच प्रसंग, पुन्हा तोच निर्णय, पुन्हा अपयश. ३४-३१ ने हरलो. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हुकला.

२९ जानेवारी
दिवसभर एकच विषय: किक का नाही मारली? कॅम्पबेलने सामन्यानंतर सांगितलंय की त्या निर्णयांचा पश्चात्ताप नाही, टीका होणार हे मान्य आहे. रेनॉल्ड्सच्या हातून चेंडू सुटला, पण जाब कॅम्पबेलने दिला. हेड कोचचं काम यापेक्षा वेगळं कसं सांगू भावाला?

माझ्या मते त्याने बरोबरच केलं. २००८ मध्ये लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले, त्या संघात कॅम्पबेल खेळाडू होता. २०२१ मध्ये कोच म्हणून आला तेव्हा पहिल्या वर्षी तीनच विजय. तेव्हाही तो चौथ्या डाऊनला बेधडक जायचा. खेळाडूंना त्याने हेच शिकवलं: तुमच्यावर माझा भरवसा आहे. हंगामभर तसं वागून ऐन मोक्याला कच खाल्ली असती, तर पुढच्या वर्षी त्याचं कोण ऐकणार?

३० जानेवारी
बेन जॉन्सनला हेड कोच म्हणून घ्यायला दुसरे संघ टपलेले होते. त्याने नकार कळवला. तो पुढचा हंगामही डेट्रॉइटमध्ये, कॅम्पबेलच्या हाताखालीच काढणार आहे.